सोलापुरात सिनेमा करताय? श्रेयनामावली शूटिंगच्या आधी लिहा

भाऊबीजेला आपल्याकडे ओवाळणीचं एक गाणं लागतंच. 'भाऊबीज' या 1955 च्या चित्रपटातलं, आशा भोसले यांनी गायलेलं. ते लिहिलं कवी संजीव यांनी, म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित यांनी, आपल्याच सोलापूरच्या माणसाने. गाणं तोंडपाठ असलेल्यांना गीतकाराचं नाव विचारून पाहा. बहुतेकांना आशाताई आठवतात, संजीव आठवत नाहीत. आणि त्यांचं नाव तरी रीतसर नोंदलेलं आहे, म्हणून आज शोधलं तर सापडतं. ज्यांचं नाव पाटीवर, म्हणजे पडद्यावरच्या श्रेयनामावलीत, आलंच नाही, त्यांचा माग कशाच्या आधाराने काढणार?

जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी करमाळ्याच्या मातीत सिनेमा उभा केला, अकलूजची रिंकू राजगुरू 'सैराट'मधून राष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या पोरापोरींना सिनेमा लांबचा वाटेनासा झाला. शॉर्टफिल्म होतात, वेब सिरीजची युनिटं येतात, पुण्या-मुंबईची माणसं इथे माणसं शोधतात. मी अशा कामांत प्रॉडक्शनची बाजू सांभाळतो. श्रेयावरून मोडलेल्या मैत्र्या पैशावरून मोडलेल्यांपेक्षा मी जास्त पाहिल्यात, आणि त्यातल्या बहुतेक दोन ओळींच्या कागदाने वाचल्या असत्या. म्हणून सिनेमा ज्या क्रमाने बनतो त्याच क्रमाने, कोणाचं नाव कधी आणि कसं पक्कं करायचं ते इथे लिहितो.

पहिलं काम: मालकी आणि श्रेय वेगळं समजून घ्या

सिनेमा कोणाचा, असं विचारलं की आपण दिग्दर्शकाचं नाव घेतो. कायदा तसं म्हणत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकालाही सहकर्ता मानावं असा प्रस्ताव 2010 च्या दुरुस्ती विधेयकात होता, पण 2012 साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा तो वगळला गेला. त्यामुळे दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, कला दिग्दर्शक या सगळ्यांचं चित्रपटावरचं नातं करारातून येतं. कराराच्या बाहेर त्यांच्या हातात फारसं काही नसतं. निर्मात्याकडे चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. तंत्रज्ञाकडे राहतं ते त्याचं नाव आणि त्या नावावर मिळणारं पुढचं काम.

लेखक, गीतकार आणि संगीतकार यांची गोष्ट निराळी. पटकथा ही स्वतंत्र साहित्यकृती आहे, गाण्याचे शब्द स्वतंत्र, चाल स्वतंत्र, आणि त्यांचे मूळ कर्ते ते ते लोक. त्यांनी हक्क निर्मात्याला दिले तरी कायद्याचं कलम 57 त्यांच्या बाजूने उभं राहतं: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क हक्क विकल्यावरही कर्त्याकडेच राहतो. कलाकारांसाठी असाच हक्क कलम 38 ब मध्ये आहे.

हक्क देण्याचा कागद कसा असावा ते कलम 19 सांगतं. तो लेखी हवा आणि त्यावर सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते धरले जातात. इथला लेखक सहसा 'सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी' अशा एका ओळीवर सही करून मोकळा होतो आणि त्या ओळीच्या जवळपास स्वतःच्या नावाचा उल्लेख आहे का, हे बघत नाही. बघा. हक्क कितीही द्या, श्रेयाची ओळ त्याच कागदात मागून घ्या.

लिहिण्याच्या टप्प्यावर

मराठी पाटीवर कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं असतात. घटना आणि माणसं कथाकाराची. त्यांची दृश्यांमध्ये मांडणी, कुठे सुरू करायचं आणि कुठे कापायचं, हे पटकथाकाराचं. पात्रांच्या तोंडचं बोलणं संवादलेखकाचं. एकट्याने तिन्ही केलं असेल तर 'कथा-पटकथा-संवाद' असं एकत्र येतं. दोघांनी मिळून केलं तर कोणी काय केलं ते लिहितानाच ठरवा. शूटिंग संपल्यावर प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो, आणि दोघंही खरंच तसं मानत असतात.

नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही. आर. जी. आनंद यांनी आपल्या नाटकावरून सिनेमा बेतल्याचा दावा लावला होता. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं की कल्पना, विषय किंवा ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. तेव्हा चहाच्या गाड्यावर 'यंत्रमाग कामगाराच्या पोरीची गोष्ट करू' असं सांगून आलात, तर त्यावर पुढे हक्क सांगता येणार नाही. तीच गोष्ट दृश्यांसकट कागदावर उतरवलीत तर येईल.

लिहून झालं की तारखेचा पुरावा करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की कथा, पटकथा, गाणी ऑनलाइन नोंदवता येतात. त्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची गरज नाही. या नोंदणीने मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता हे सिद्ध होतं, आणि भांडण झालं तर बहुतेकदा तेवढंच लागतं. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयातही नोंद करता येते. ती सक्तीची नाही, कृती लिहिली की हक्क आपोआप मिळतो. निर्मात्याला संहिता पाठवताना ती ईमेलने, पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर नाव आणि तारीख घालून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोपात कथा ऐकवू नका.

कोणाच्या आयुष्यावर किंवा दुसऱ्याच्या लेखनावर सिनेमा असेल तर 'आधारित' ही ओळ वेगळी लागते. याचं उत्तम उदाहरण आपल्याच शहराचं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी 1946 साली चित्रपट केला, दिग्दर्शन केलं आणि मुख्य भूमिकाही केली. पण मूळ पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांचं आणि पटकथा अब्बास व व्ही. पी. साठे यांची. चित्रपट शांतारामांच्या नावाने ओळखला जातो हे खरं, तरी ती साखळी पाटीवर राहिली म्हणून आज आपल्याला माहीत आहे. तुम्ही गावातल्या कोणा कार्यकर्तीवर, पैलवानावर, शाहिरावर काही करत असाल तर त्यांची किंवा कुटुंबाची लेखी संमती घ्या आणि त्यांचा उल्लेख कसा येणार हे त्यांना आधी वाचून दाखवा.

लेखकांना स्वतःच्या नावासाठी भांडावं लागलं, हे हिंदीतही होतंच. 1973 साली 'जंजीर'च्या पोस्टरवर नाव नव्हतं, म्हणून सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरवर आपली नावं रंगवून घेतली, हे दोघांनीही पुढे सांगितलं आहे. पोस्टरवर लेखकाचं नाव असावं, ही अपेक्षा तिथून पुढे रुळली. तुमच्या कागदातही पाटीबरोबर पोस्टर हा शब्द हवा.

युनिट ठरवताना: प्रत्येक कामाला नाव, प्रत्येक नावाला कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आपल्याकडची बरीच मुलं राज्य नाट्य स्पर्धेतून येतात. अतुल कुलकर्णी यांनीही सुरुवात सोलापुरात, 'नाट्य आराधना'मधून केली. हौशी नाटकात एकच माणूस नेपथ्य उचलतो, प्रकाश पाहतो आणि तिसऱ्या अंकात हवालदारही होतो. नावं पडदा उघडण्याआधी माईकवरून घेतली जातात, कोणी राहिलं तर दुसऱ्या प्रयोगाला घेता येतं. सिनेमात दुसरा प्रयोग नसतो. एकदा प्रिंट लॉक झाली, म्हणजे अंतिम प्रत पक्की झाली, की तीच यादी कायमची. शिवाय सिनेमातलं पदनाम हे पुढचं काम मिळवण्याचं साधन असतं, त्यामुळे 'सगळ्यांनी मिळून केलं' हा नाटकवाल्यांचा मोठेपणा इथे नुकसान करतो.

पैशाच्या बाजूला निर्माता म्हणजे जबाबदारी घेणारा आणि हक्कांचा धनी. सहनिर्माता भागीदार. प्रस्तुतकर्ता सहसा वितरण किंवा नंतरचा पैसा घेऊन येतो. चित्रपट बनून झाल्यावर आलेल्या माणसाचं नाव सगळ्यांत आधी दिसतं ते यामुळेच. कार्यकारी निर्माता हे पद सगळ्यात ढिलं आहे: कुठे तो रोजचा सगळा कारभार पाहतो, कुठे नुसता मान म्हणून दिलेलं नाव असतं. लाइन प्रोड्युसर मात्र खरा राबतो. बाहेरचं युनिट सोलापुरात येतं तेव्हा हॉटेल, गाड्या, परवानग्या, जनरेटर, स्थानिक माणसं हे सगळं जो जुळवतो तो लाइन प्रोड्युसर. इथल्या मुलांकडून नेमकं हेच काम करून घेतात आणि पाटीवर 'स्थानिक सहकार्य' लिहितात. ते घेऊ नका. काम लाइन प्रोडक्शनचं असेल तर पदही तेच मागा, निदान 'लाइन प्रोड्युसर, सोलापूर' एवढं तरी.

दिग्दर्शनाच्या बाजूला सहयोगी दिग्दर्शक, पहिला सहाय्यक, त्याखालचे सहाय्यक आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्या शॉटशी मेळ, बघणारा. सहयोगी आणि सहाय्यक यांत फरक आहे, आणि पुढच्या सिनेमात मानधन ठरताना तो जाणवतो. कॅमेऱ्याच्या बाजूला छायालेखक म्हणजे डीओपी, मग ऑपरेटर, फोकस सांभाळणारा फोकस पुलर, अटेंडंट. दिव्यांकडे त्यांचा प्रमुख म्हणजे गॅफर, आणि लाइटमन. आवाजाची बाजू आपल्याकडे सर्रास विसरली जाते. जागेवर आवाज टिपणारा रेकॉर्डिस्ट, माइक धरणारा बूम ऑपरेटर, नंतर आवाजाची रचना करणारा आणि शेवटी सगळं मिसळणारा, ही चार कामं आहेत. 'ध्वनी' या एका शब्दाखाली एकच नाव टाकून तिघांना पुसू नका. वेशभूषाकार कपडे ठरवतो, ड्रेसदादा ते रोज सांभाळतो, इस्त्री करतो, दृश्यागणिक लावून ठेवतो. दोघांची नावं वेगवेगळी येतात.

सोलापूरला खास लागणारं एक काम आहे, ज्याला बहुतेक यादीत जागाच नसते. इथली मराठी कानडी आणि तेलुगूच्या शेजारात वाढलेली आहे. शहराच्या पूर्व भागातल्या घरातलं बोलणं, अक्कलकोटकडचं बोलणं आणि माढ्याकडचं बोलणं एक नाही. बाहेरून आलेल्या नटाला हे शिकवायला युनिट कोणाला तरी धरतं, तो महिनाभर रोज सेटवर असतो, आणि शेवटी 'विशेष आभार'मध्ये जातो. हे 'भाषा मार्गदर्शन' आहे. त्याने संवाद बदलून दिले असतील तर 'संवाद सहाय्य' आहे. पहिल्याच दिवशी तसं लिहून घ्या.

आता कागद. वकील परवडत असेल तर घ्या; नसेल तर खालचा मजकूर वापरा. शॉर्टफिल्मला तो पुरतो, मोठ्या करारात परिशिष्ट म्हणूनही जोडता येतो.

"'______' (तात्पुरतं नाव) या चित्रपटासाठी ______ यांनी ______ हे काम करायचं ठरलं आहे. त्यांचं श्रेय '______' या पदनामाने, '______' असंच नाव लिहून, सुरुवातीच्या / शेवटच्या श्रेयनामावलीत, स्वतंत्र / सामायिक पाटीवर दिलं जाईल. पोस्टर, ट्रेलर, इंटरनेटवरचं वर्णन, महोत्सवांचे अर्ज आणि छापील प्रसिद्धी यांत जिथे या पदाच्या व्यक्तींची नावं येतील तिथे त्यांचंही नाव येईल. काम मध्येच थांबलं तर तोवरच्या कामाचं श्रेय '______' असं राहील. श्रेयनामावली अंतिम करण्यापूर्वी तिचा मसुदा त्यांना दाखवला जाईल."

खाली निर्मात्याची सही, काम करणाऱ्याची सही, तारीख, आणि दोघांकडे एकेक प्रत. दिग्दर्शकाची सही पुरत नाही, कारण वचन पाळण्याचा अधिकार निर्मात्याकडे असतो. 'काम मध्येच थांबलं तर' हे वाक्य खोडू देऊ नका. संकलक बदलणं, डीओपी अर्ध्यातून जाणं हे नेहमी होतं, आणि नवा माणूस आला की जुन्याचं नाव जातं. दोघांचीही नावं देता येतात, 'अतिरिक्त संकलन' किंवा 'अतिरिक्त छायाचित्रण' अशी पदं त्याचसाठी आहेत. स्वतंत्र पाटी म्हणजे पडद्यावर त्या क्षणी एकच नाव. ती सगळ्यांना मिळत नाही, पण लेखक, छायालेखक, संकलक, संगीतकार यांनी ती मागावी.

पैसे न देता 'नाव देऊ' असं कोणी म्हणत असेल तर हा कागद दुप्पट गरजेचा, कारण तिथे नाव हाच मोबदला आहे. मित्रांनी मिळून केलेल्या शॉर्टफिल्ममध्ये मला त्यात काही गैर वाटत नाही. पण बाहेरचं पैसेवालं युनिट जिल्ह्यातल्या मुलांना नावाच्या बोलीवर फुकट राबवत असेल तर ते चूक आहे, आणि मुलांनी नकार द्यावा असंच मी सांगतो.

शूटिंग सुरू असताना

'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला तेव्हा फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडत होत्या, ती धुवायला मदत करत होत्या आणि युनिटचा स्वयंपाकही करत होत्या. त्यांच्या कामाचं नाव मात्र फाळक्यांइतकं कोणी घेत नाही. आजही सेटवर असं काम होतं: कोणाची तरी आई रोज भाकरी-पिठलं करून देते, कोणाची बहीण कपड्यांचा हिशेब ठेवते. ही कामं घरची म्हणून नोंदवली जात नाहीत. नोंदवा.

त्यासाठी एक वही ठेवा, किंवा सामायिक शीट. रोज संध्याकाळी प्रॉडक्शनचा माणूस त्यात लिहील: आज कोण आलं, काय केलं, नाव कसं लिहायचं, फोन नंबर. कॉल शीटची, म्हणजे त्या दिवशी कोणाला कधी बोलावलं त्या कागदाची, प्रत त्याच दिवशी त्याच फोल्डरमध्ये. श्रेयनामावली काही महिन्यांनी, कधी वर्षाने पुण्यातल्या एखाद्या एडिट टेबलावर तयार होते आणि तिथे बसलेल्याला होटगी रोडवरच्या कारखान्यात दोन दिवस माग चालवून दाखवणारा कामगार आठवत नाही. ही वही असेल तर आठवावं लागत नाही.

जागेचं श्रेय देताना मालकाबरोबर जागाही लिहा: कारखाना, वाडा, शेत, गाव. पडद्यावर ज्याचे हात माग चालवताना दिसतात त्या विणकराचं नावही मालकाच्या शेजारी यायला हवं.

गर्दीतल्या माणसांबद्दल कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. ज्याचं काम किरकोळ आहे आणि ज्याचं नाव द्यायची या धंद्यात एरवीही रीत नाही, त्याला कायदा चित्रपटापुरता 'कलाकार' धरत नाही. आपलं काम विपर्यस्त करू नये एवढाच हक्क त्याला राहतो. म्हणजे जत्रेच्या दृश्यातल्या माणसाला श्रेयाचा दावा लावता येणार नाही. तरी माझी पद्धत अशी की एक वाक्य जरी बोललं तरी नाव आणि पात्र दोन्ही यादीत घ्यायचं, आणि बाकी गर्दीसाठी गावाचं नाव घ्यायचं. रोलरमध्ये, म्हणजे शेवटी पडद्यावर सरकणाऱ्या यादीत, त्याला काही सेकंद लागतात आणि त्या गावात पुढच्या वेळी दारं उघडी मिळतात.

दोन परवानग्या अशा आहेत ज्या राहिल्या तर श्रेयनामावलीच्या आधीच गाडी अडते. लहान मुलं काम करत असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त वेळ उभं करता येत नाही आणि त्याच्या मोबदल्यातला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. बैल, शेळ्या, कोंबड्या दृश्यात असतील, आणि आपल्या गावाकडच्या गोष्टीत त्या असतातच, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे शूटिंगच्या आधी अर्ज करावा लागतो. सेन्सॉरला जाताना त्यांचं प्रमाणपत्र मागतात.

पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, विशेषतः गाण्यांचं

1949 च्या 'महल'मधलं लता मंगेशकर यांनी गायलेलं गाणं गाजलं तेव्हा त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' होतं. ते पात्राचं नाव. रेडिओवर लोक विचारू लागले तेव्हा खरं नाव सांगितलं गेलं. फिल्मफेअरमध्येही पार्श्वगायनाला पुरस्कार नव्हता. लताबाईंनी समारंभात गायला नकार दिला, आणि 1959 पासून तो सुरू झाला. इतक्या मोठ्या आवाजाला हे करावं लागलं. 2006 साली एका गायिकेला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, कारण मुख्य आवाज तिचा असूनही तिला साथीची गायिका म्हणून दाखवलं होतं. न्यायालयाने तिला मुख्य गायिकेचं श्रेय द्यायला सांगितलं.

तेव्हा गाण्याच्या प्रत्येक ओळीला वेगळं नाव हवं: गीत, संगीत, संगीत संयोजन, गायक, कोरस, वादक, ध्वनिमुद्रण. 'संगीत' आणि 'पार्श्वसंगीत' ही वेगळी श्रेयं आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे टीव्ही, रेडिओ, इंटरनेट यांवर गाणं वापरलं गेलं तर स्वामित्वधनात, म्हणजे रॉयल्टीत, समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो करारानेही सोडून देता येत नाही. ते पैसे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेमार्फत येतात. तिथे सदस्य व्हा आणि गाण्याची नोंद ज्या नावाने कराल तेच नाव पाटीवर आणि यूट्यूबवर ठेवा. टोपणनाव वापरत असाल तर नोंदणीत दोन्ही नावं द्या.

लोकगीताबाबत जपून. 'पारंपरिक' लिहिलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. गोंधळ्याने, आराध्याने किंवा ओव्या गाणाऱ्या आजीने ऐकवलेली चाल घेतली असेल तर 'पारंपरिक, गायन आणि संकलन' असं लिहून त्यांचं नाव आणि गाव द्या. आणि एखादं गाणं पारंपरिक आहे असं धरण्याआधी चौकशी करा. बार्शीच्या अमर शेखांसारख्या शाहिरांच्या भागात आपण राहतो. लोकांच्या तोंडी रुळलेल्या पुष्कळ गाण्यांना लिहिणारा असतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांचे असतात.

नटाचा आवाज दुसऱ्याने डब केला असेल तर डबिंग कलाकाराचं नाव घ्या. रंगसंगती करणारा कलरिस्ट, व्हीएफएक्सचा छोटा चमू आणि उपशीर्षकं लिहिणारा, हे तिघे हमखास गळतात. उपशीर्षकं हे भाषांतराचं काम आहे, परदेशी महोत्सवात परीक्षक तेच वाचून सिनेमा समजून घेतात.

यादी लावणं

सुरुवातीच्या पाट्यांचा सर्वसाधारण क्रम असा: प्रमाणपत्र, वैधानिक सूचना, आभार, प्रस्तुतकर्ता, निर्मितीसंस्था, मुख्य कलाकार, मग तांत्रिक बाजू, लेखन, निर्माता आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. शेवटच्या रोलरमध्ये कलाकारांची पूर्ण यादी, मग विभागवार नावं, मग ऋणनिर्देश. कलाकारांच्या क्रमावरून रुसवे होतात. 'पडद्यावर येण्याच्या क्रमाने' किंवा 'वर्णानुक्रमे' असं वर लिहून टाकलं की निम्मे मिटतात.

स्पेलिंगला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. म्याकल, बोमड्याल, कुरापाटी, हत्तुरे ही आडनावं सोलापुरात कोणीही नीट लिहील, पुण्यातला टायपिंग करणारा हमखास बदलेल. प्रत्येकाला त्याच्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवा आणि 'बरोबर' असं लेखी उत्तर घ्या. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांतलं नाव त्याच वेळी पक्कं करा. रोलरचा वेग मोठ्या पडद्यावर तपासा. लॅपटॉपवर वाचता येणारी नावं थिएटरात धावतात.

'विशेष आभार' ही जागा ज्यांनी काम केलेलं नाही पण मदत केली त्यांच्यासाठी आहे. नगरसेवक, पोलीस ठाणं, कॉलेजचे प्राचार्य, गाडी देणारा मामा. ज्याने तीस दिवस काम केलं त्याला तिथे ठेवणं म्हणजे त्याचं काम नाकारणं.

प्रमाणपत्र, प्रदर्शन आणि त्यानंतर

चित्रपटगृहात दाखवायचं तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर होतो. 2023 च्या दुरुस्तीने यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या, गटाचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन भाग झाले. मंडळाला दाखवलेली प्रत पाट्यांसकट अंतिम असते आणि नंतर काही बदललं तर ते कळवावं लागतं. म्हणून नावांची शेवटची तपासणी या अर्जाच्या आधी. मराठी चित्रपटाचं शीर्षक कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नोंदवण्याची पद्धत आहे, ते काम संहिता पक्की झाली की लगेच करा.

राज्य सरकारचं अनुदान निर्मात्याच्या नावे येतं. पुरस्काराच्या अर्जात ज्याचं नाव ज्या विभागात भरलं त्यालाच तो मिळतो, त्यामुळे अर्ज भरताना श्रेयनामावली शेजारी उघडी ठेवा. महोत्सवांच्या ऑनलाइन अर्जातही तेच. यूट्यूबवर टाकत असाल तर संपूर्ण यादी खालच्या वर्णनात चिकटवा, कारण शेवटचा रोलर बहुतेक लोक पाहत नाहीत आणि शोधयंत्राला पडद्यावरची अक्षरं नीट वाचता येत नाहीत. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर पान तयार करताना पाटीवरचीच पदं भरा. पाटीवर नाव राहून गेलं असेल पण काम केलेलं असेल तर तिथे 'अनक्रेडिटेड' अशी खूण करून ते नोंदवता येतं.

नाव गळलं तर

आधी तारीख बघा. प्रिंट लॉक व्हायची असेल तर निर्मात्याला साधा ईमेल करा: कराराची प्रत, कॉल शीट, वहीतलं पान, आणि नेमकी हवी असलेली ओळ. दिग्दर्शकाला प्रत पाठवा. बहुतेक वेळा गळती घाईतून झालेली असते आणि एवढ्यावर नाव येतं. फेसबुकवर लिहायची घाई करू नका. एकदा चारचौघांत बोलणं झालं की समोरचा दुरुस्ती करण्याऐवजी बचाव करू लागतो.

उत्तर आलं नाही तर लेखकांनी स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या वाद निवारण समितीकडे जावं, तंत्रज्ञांनी आणि कलाकारांनी आपापल्या संघटनेकडे. पश्चिम भारतातल्या बहुतेक संघटना एफडब्ल्यूआयसीई या महासंघात एकत्र आहेत. सदस्य असाल तरच त्या तुमची बाजू घेतील, म्हणून पहिलं मोठं काम मिळताच सदस्य व्हा. त्यापुढे वकिलाची नोटीस आणि दिवाणी न्यायालय. प्रदर्शनाच्या आधी गेलात तर न्यायालय थांबवू शकतं, नंतर गेलात तर सहसा पुढच्या प्रती, इंटरनेटवरची आवृत्ती आणि भरपाई एवढ्यापुरतंच बोलणं उरतं.

चित्रपट लागून गेल्यावरही फोल्डर पुसू नका. सह्या केलेले कागद, संहितेच्या तारीखवार आवृत्त्या, कॉल शीट, सेटवरचे फोटो आणि अंतिम श्रेयनामावलीची पीडीएफ, सगळं दोन ठिकाणी ठेवा: एक प्रत ऑनलाइन आणि एक हार्ड डिस्कवर. एक प्रत युनिटमधल्या अशा माणसाकडेही द्या जो निर्माता नाही आणि दिग्दर्शकही नाही.